डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग : पहिला धडा

आवाज, हृदयाचे ठोके किंवा बोटाचा ठसा आकड्यांत उतरवून त्यावर गणित करणे म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात सुरुवात सॅम्पलिंगने होते. सिग्नलमधल्या सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यावे लागतात. नाहीतर भलताच सिग्नल दिसतो. हेच एलिअसिंग.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आधारसाठी ठसा इंचाला ५०० बिंदूंनी टिपतात. ठशातल्या दोन रेषांत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असते, त्यात जवळपास दहा बिंदू बसतात; म्हणजे सॅम्पलिंग पुरेसे आहे. अडचण वेगळीच. शेतमजुराच्या झिजलेल्या रेषा बिंदू वाढवून परत येत नाहीत. फिल्टर गोंगाट कमी करतो, नसलेली रेषा आणत नाही. रेशन दुकानात अंगठा जुळला नाही, की बुबुळ किंवा ओटीपीचा पर्याय लागतो तो यामुळेच.