कपॅसिटर बदलानंतरचा दोषशोध (जुने संगणक)

जुन्या संगणकाच्या स्विचिंग वीजपुरवठ्यातील, म्हणजे घरगुती वीज एकदिश करून ती सेकंदाला हजारो वेळा खंडित करीत कमी दाबावर आणणाऱ्या संचातील, वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (धारित्रे) बदलूनही संच चालत नसल्यास करावयाची तपासणी. केंद्र सरकारच्या १९८४ मधील ‘क्लास’ योजनेतून भारतीय शाळांत आलेला बीबीसी मायक्रो हा अशा पुरवठ्यावर चालणारा परिचित संगणक होय.

बदलापूर्वी संच निदान धडपडत तरी चालू असेल, तर पहिला संशय जुन्या भागांवर नव्हे, ताज्या कामावर घ्यावा. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकवरील पट्टा सामान्यतः ऋण टोक दाखवतो, तर टँटलमवरील खूण धन टोक दाखवते, आणि हा फरक विसरल्याने भाग उलटा बसतो. शिवाय जुना डाग काढताना पाटीवरील तांब्याची वाट उखडते. क्षमता आणि व्होल्ट जुळले, तरी अंतर्गत रोध (ईएसआर) जास्त असलेला कपॅसिटर उच्च वारंवारतेच्या जागी तापतो.

२३० व्होल्ट एकदिश केल्यावर मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात व प्लग काढल्यावरही टिकू शकतात. म्हणून ते रोधकातून उतरवून मीटरने खात्री केल्याखेरीज हात लावू नये. पहिली चाचणी तंतूचा दिवा ‘सिरीज’मध्ये जोडून घेतात: तो क्षणभर उजळून मंदावल्यास बहुधा ठीक, लख्ख पेटत राहिल्यास शॉर्ट. संगणकाऐवजी कृत्रिम भार जोडावा, कारण अनेक संच भाराविना स्थिरावत नाहीत. टिकटिक ऐकू आल्यास संच अतिभारामुळे पुनःपुन्हा बंद होत असण्याचा संभव असतो. ३२५ व्होल्ट मिळूनही पुढे काहीच नसेल, तर प्रारंभ-रोधक आणि नियंत्रकाजवळचा लहान कपॅसिटर तपासावा, जो आकारामुळे बदलायचा राहून जातो.

कारागिराची खरी फसगत मात्र मेन्सच्या दोन तारांमधील गाळणी-कपॅसिटर करतो. रिफा बनावटीच्या धातुलेपित कागदी भागांच्या आवरणाला कालांतराने तडे जाऊन ओल शिरते व वीज देताच दाट धूर निघतो; हा दोष नव्या कामाचा नसतो. त्याजागी पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर चालतो. तथापि या जागी कोणताही फिल्म कपॅसिटर चालत नाही. त्यावर मेन्सच्या दाबाला साजेसा एक्स-२ हा सुरक्षा-वर्ग छापलेला असावाच लागतो.