रोख्याची नोंद आणि रोखा: नागपूर जिल्हा बँकेतील अपहाराचा इतिहास

हिशेबातील लबाडी शोधण्याच्या विद्येला आज न्यायवैद्यक लेखापरीक्षण असे जड नाव मिळाले आहे आणि विद्यापीठांतून तिच्यावर संशोधन होते; परंतु लिहिलेल्या कागदावर नुसता विश्वास ठेवायचा नसतो, ही तिच्या मुळाशी असलेली जाणीव मराठी दफ्तरांना नवी नाही. मराठेशाहीतील राजपत्राच्या शेवटी ‘मोर्तब’, म्हणजे मजकूर येथे संपला असे दाखवणारा लहान शिक्का उमटवीत, जेणेकरून त्याखाली कोणालाही वाढीव ओळ घुसडता येऊ नये. आणि कागद एकाखाली एक चिकटवून लांब केलेला असल्यास सांध्याच्या पाठीवरही शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा कोणी बदललाच तर शिक्क्याचे दोन अर्धे भाग जुळत नसत. भोसल्यांच्या नागपुरातही ही दफ्तरी परंपरा नांदली आणि महाल भागातील चिटणवीसपुरा हे वस्तीचे नाव तिची खूण आजही बाळगून आहे. त्याच शहरात 2002 साली उघडकीस आलेला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा रोखे घोटाळा या जुन्या दक्षतेचा विसर पडल्याने घडला, असेच म्हणावे लागते.

जिल्हा मध्यवर्ती बँक ही सहकारी पतपुरवठ्याची मधली पायरी असते: वर राज्य सहकारी बँक, खाली गावोगावच्या सेवा सहकारी संस्था, आणि या संस्थांमार्फत शेतकऱ्याच्या हाती पडणारे पीककर्ज. बँकेजवळ शिल्लक राहणारा पैसा सरकारी रोख्यांत गुंतवणे सर्वांत सुरक्षित मानले जाते, कारण रोखा म्हणजे सरकारने घेतलेल्या कर्जाची लेखी हमी असते. 2001-02 मध्ये नागपूरच्या बँकेने होम ट्रेड या नवी मुंबईतील कंपनीसह काही दलाल कंपन्यांमार्फत असे रोखे घेण्यासाठी सुमारे 150 कोटी रुपये दिले. होम ट्रेडच्या जाहिरातींत त्या काळी सचिन तेंडुलकर आणि शाहरुख खान झळकत होते.

रोखा विकत घेतल्याचा पुरावा त्या काळी मुख्यतः दोन प्रकारचा असे: एक तर रोख्याचे मूळ प्रमाणपत्र हाती असावे, नाही तर रिझर्व्ह बँकेकडील एसजीएल खात्यात, म्हणजे रोख्यांची मालकी नोंदवणाऱ्या उपखतावणीत, तो खरेदीदाराच्या नावे जमा झालेला असावा. दलालाची करारचिठ्ठी म्हणजे सौदा ठरल्याची नुसती चिठ्ठी. तिने मालकी सिद्ध होत नाही. नागपुरात पैसे गेले, पण रोखे आले नाहीत. किर्दीत खर्च पडला, खतावणीत गुंतवणूक दिसली, बेरजाही जुळल्या, आणि तरीही ज्या मालमत्तेपोटी हे सारे लिहिले गेले ती मालमत्ता तिजोरीत नव्हती. हिशेबातील खाडाखोड अनुभवी डोळ्याला पटकन दिसते. नीटनेटकी नोंद मात्र तपासनिसाला गाफील करते, आणि म्हणूनच नोंदीमागची वस्तू प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

माणूस अपहार का करतो हे शोधताना डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञाने तुरुंगातील अपहारकर्त्यांच्या मुलाखती घेऊन 1953 साली आपले निष्कर्ष मांडले, आणि पुढे स्टीव्ह अल्ब्रेक्ट या लेखाशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यांना हिशेबतपासनिसांच्या अभ्यासात रुजवले. कोणाला सांगता न येणारी आर्थिक नड, हाती असलेली संधी आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत, अशा तीन बाजूंचा हा ‘अपहाराचा त्रिकोण’ आहे. यांपैकी नड आणि समजूत माणसाच्या मनात असतात, तेथे लेखापरीक्षकाचा हात पोहोचत नाही. संधी मात्र त्याला बंद करता येते. रोखा ताब्यात येण्यापूर्वीच पैसे चुकते करणे ही संधीच होती. तिची किंमत एकट्या नागपूरला मोजावी लागली नाही, कारण वर्धा आणि उस्मानाबाद या जिल्हा बँकांचे पैसेही होम ट्रेडमध्ये अडकले.

सहकार खात्याच्या विशेष लेखापरीक्षकाच्या फिर्यादीवरून एप्रिल 2002 मध्ये गणेशपेठ पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने आरोपपत्र दाखल केले. रिझर्व्ह बँकेनेही 2002 मध्येच आपल्या देखरेखीखालील संस्थांना सरकारी रोखे कागदाऐवजी खात्यातील नोंदीच्या रूपातच बाळगण्याचा दंडक घातला. उपाय योग्य होता. तो आधी झाला असता तर विदर्भातील कितीतरी ठेवीदारांची झोप उडाली नसती.

खटला मात्र रेंगाळला, आणि या दिरंगाईचे दुःख आरोपींपेक्षा बँकेच्या ग्राहकांच्या वाट्याला अधिक आले. 2014 मध्ये देशातील ज्या 23 जिल्हा बँका बँकिंग परवान्याविना उरल्या होत्या, त्यांत नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या विदर्भातील तीन बँका होत्या. या 23 बँकांना सावरण्यासाठी केंद्र सरकारला नोव्हेंबर 2014 मध्ये सुमारे 2,375 कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर करावी लागली. पीककर्जासाठी जिल्हा बँकेकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या वर्षांत सावकाराचा उंबरा जवळचा वाटला असेल, तर त्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

निकाल 22 डिसेंबर 2023 रोजी, फिर्यादीनंतर एकवीस वर्षांनी लागला. घोटाळ्याच्या वेळी बँकेचे अध्यक्ष असलेले, पुढे राज्यात मंत्री झालेले सावनेरचे आमदार सुनील केदार यांच्यासह सहा जणांना नागपूरच्या न्यायालयाने दोषी धरले आणि पाच वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. तिघे निर्दोष सुटले. केदार यांची आमदारकी रद्द झाली आणि त्यांनी निकालाविरुद्ध अपील केले.