कोरा रकाना

आमच्या म्हसवडला पावसाचं बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, 'पूर्वी असं नव्हतं.' आजोबाही म्हणायचे. आणि तेच बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडल्याचं सांगायचे. 'पूर्वी म्हणजे नेमकं कधी?' असं विचारलं की ते तंबाखू मळायला घ्यायचे.

गावाजवळचा राजेवाडीचा तलावच मुळात १८७६-७८ च्या दुष्काळातलं काम. भुकेल्या माणसांना मजुरी मिळावी म्हणून इंग्रज सरकारनं तो बांधायला काढला. म्हणजे पूर्वीही असं होतं. किती, ते मात्र आठवणीतून निघत नाही, त्याला कागद लागतो.

असे कागद सोडवण्याचं गाजलेलं काम ब्रिटनमधलं. मार्च २०२० मध्ये सगळे घरात अडकले असताना रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी पावसाचे हस्तलिखित तक्ते लोकांपुढे ठेवले. साधारण ६५ हजार पानं. सोळा हजार स्वयंसेवकांनी पन्नास लाखांवर नोंदी सोळा दिवसांत टाइप केल्या. एकच आकडा अनेकांनी वाचायचा, जुळला तर घ्यायचा. (आमच्याकडे एवढा नीट कोड रिव्ह्यू होत नाही.) त्यातून कळलं, की तिथलं नोंदीतलं सर्वांत कोरडं वर्ष १८५५.

मीही थोडी पानं टाइप केली. महिन्याची बेरीज, इंचांत. सोपं काम.

पश्चिम भारताचं काम वेगळं आणि मला जास्त अवघड वाटतं. जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी १७८१ ते १८६० चा इथला पावसाळा शोधला, तो खाजगी डायऱ्या, मिशनऱ्यांची पत्रं, वर्तमानपत्रं आणि सरकारी कागद वाचून. मोजमापं फार थोडी. पाऊस लांबला, धान्य महागलं, असल्या वाक्यांवरून एकेका वर्षाची प्रत ठरवायची. पण माणूस तक्रार असली की जास्त लिहितो. बऱ्या वर्षाबद्दल चार ओळी, वाईट वर्षाबद्दल चार पानं. हा कल ओळखूनच असे कागद वाचावे लागतात.

मला खरी भीती वाटते ती कोऱ्या रकान्याची. डेटाबेसमध्ये 'नल' आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी. नल म्हणजे माहीत नाही. शून्य म्हणजे कुणीतरी सकाळी उठून मापक पाहिला आणि तो कोरडा होता. कचेरीतला कारकून रजेवर गेला, त्या आठवड्याचे रकाने कोरे राहिले आणि टाइप करणाऱ्यानं तिथे शून्य भरलं, तर नसलेला दुष्काळ तयार होतो. उलट, कोरड्या दिवसाला कारकुनानं नुसती आडवी रेघ मारली असेल आणि आपण तिला 'नोंद नाही' म्हटलं, तर असलेला दुष्काळ पुसला जातो. कोकणातल्या वहीत हा घोटाळा निदान जुलैत डोळ्यांत भरेल. माणदेशात जुलैतही कोरडे दिवस सलग जातात, तिथे तो कुणाला दिसणारही नाही.

म्हणून आमच्या तालुक्याची जुनी वही कधी हाती आली, तर मी आधी पाऊस पडलेले दिवस टाइप करणार नाही. तो कारकून न पडलेला पाऊस कसा लिहायचा, ते आधी पाहीन.