साने गुरुजींची जप्त झालेली ‘पत्री’

साने गुरुजी म्हटलं की ‘श्यामची आई’ आठवते आणि डोळ्यांत पाणी येतं. पण याच हळव्या माणसाच्या गाण्यांची इंग्रज सरकारला धास्ती होती, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं.

पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातल्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९. हलाखीत शिकून एम. ए. झाले आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. वसतिगृहही त्यांच्याकडेच होतं. मुलांची अंथरुणं आवरायची, खोल्या झाडायच्या, शिवाय हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचं. मास्तर झाडू घेतो म्हणजे त्या काळी नवलच. आजही आहे म्हणा!

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी ही नोकरी सोडली. महिन्याचा बांधलेला पगार सोडणं काय असतं, हे हप्ता भरणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यानंतर तुरुंगवास सुरू झाला. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर बोलत, ती प्रवचनं गुरुजींनी उतरवून घेतली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं, त्याचं नाव ‘पत्री’. हरतालिकेला आपण वाहतो, तीच पत्री. त्यात देशाची गाणी होती. ती गाऊन लोक पेटतील म्हणून सरकारने पुस्तकाच्या प्रती जप्त केल्या.

गाण्याला एवढं का भ्यावं? वर्तमानपत्र वाचायला अक्षरओळख लागते, गाण्याला ती लागत नाही. आपल्या मुळशीतल्या आज्यांनी शाळेचं तोंड न पाहता जात्यावर ओव्या जपल्या. त्या कुठल्या शिपायाला जप्त करता आल्या असत्या?

त्याच काळात अमेरिकेत, न्यूयॉर्कला, एबल मीरोपोल नावाचे एक शाळामास्तर होते. तिकडे गोऱ्यांचे जमाव काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत. त्यावर मीरोपोल यांनी गाणं रचलं आणि १९३९ साली बिली हॉलिडे या काळ्या गायिकेने ते गायलं. पुढे चौकशी समितीने मास्तरांना बोलावून विचारलं, हे गाणं लिहायला कम्युनिस्ट पक्षाने पैसे दिले का? पोटातून उठून कुणी असं लिहितो, हे त्या साहेबांना पटेना.

गुरुजींना तर पैशाचं कुणी विचारूच शकलं नसतं. पगार त्यांनी आधीच सोडला होता.

११ जून १९५० ला ते गेले. खरा धर्म कोणता हे सांगणारी जी प्रार्थना कितीतरी शाळांत परिपाठाला म्हणतात, ती त्यांचीच. आज संध्याकाळी मुलांना विचारून बघा, पाठ असेल त्यांना.