नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण स्क्रीन काळीच? परत करण्याआधी हे तपासा

कोलशेतहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन ग्राफिक्स कार्ड आणायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. रिक्षाने ठाणे स्टेशन, लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. एवढं करून घरी कार्ड बसवलं, पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ आलं, की कार्ड खराब निघालं असंच वाटतं. पण बऱ्याचदा कार्ड ठणठणीत असतं. घोळ केबल, वीजपुरवठा किंवा बायोसमध्ये असतो.

आधी एक गोष्ट नीट पाहा. स्क्रीन पहिल्यापासूनच काळी आहे, की कंपनीचा लोगो दिसून विंडोज सुरू होताना काळी होते? लोगो दिसत असेल तर कार्ड चित्र पाठवतंय. मग संशय ड्रायव्हरवर. विंडोज सेफ मोडमध्ये उघडून जुना ड्रायव्हर काढायचा आणि नवा टाकायचा. लोगोही दिसत नसेल तर पुढचं वाचा.

केबल नेमकी कुठे लावली आहे?

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबीच्या शेजारी असलेलं एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डचं असतं. कार्डाची पोर्ट त्याच्या खाली, आडव्या ओळीत असतात. कार्ड बसवल्यावर अनेक मदरबोर्ड स्वतःचं पोर्ट आपोआप बंद करतात. शिवाय आय५-१२४००एफ सारख्या नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतातच, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टमधून काही दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलंय का, तेही पाहा. घरात जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर नव्या कार्डांवर ते पोर्ट नसतं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो. नुसती पिना जुळवणारी केबल चालत नाही.

वीज पुरते का?

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ६ पिनांची वेगळी केबल आणखी ७५ वॅट, ८ पिनांची १५० वॅट. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, म्हणजे एसएमपीएसमधून येणारी केबल लावल्याशिवाय ते चालणारच नाही. काही कार्डांवर ही केबल नसेल किंवा अर्धवट बसली असेल तर लाल दिवा लागतो. पंखा फिरत नाही म्हणून मात्र घाबरू नका. थंड असताना पंखा थांबवून ठेवणारी कार्डं आता सर्रास मिळतात.

८ पिनांच्या केबलमध्येही दोन प्रकार असतात. प्रोसेसरची केबल बहुधा ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२ अशी. त्यांची आतली जोडणी वेगळी असते, त्यामुळे बसत नसेल तर जोर लावू नका. दुसऱ्या एसएमपीएसची सुटी केबल वापरणं त्याहून धोक्याचं: एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीत वेगळी असू शकते आणि कार्ड खरोखर जळू शकतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर महागडं कार्ड चालवणं ही काटकसर नव्हे.

यानंतर पीसी बंद करून प्लग काढा. कार्ड काढून सर्वात वरच्या लांब स्लॉटमध्ये, खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवा. या धडपडीत रॅम हलते, तीही काढून बसवा. संपर्कपट्ट्यांवर मऊ खोडरबर हलकेच फिरवण्याचा जुना उपाय अजूनही कामी येतो. मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतील तर कोणता अडकून राहतो ते पाहा. डीरॅमवर अडकला तर कार्डाला दोष देऊ नका.

बायोसची अडचण

जुन्या, विशेषतः ऑफिसमधून निघालेल्या पीसीमध्ये हा त्रास जास्त. नव्या कार्डांना यूईएफआय पद्धतीचं बायोस लागतं. कार्ड काढून, मदरबोर्डच्या पोर्टवरून पीसी चालू करून बायोस अपडेट करावं लागतं. सीआर२०३२ हा बटण सेल काही मिनिटं काढून सेटिंग मूळपदावर आणणं हा त्याआधीचा सोपा प्रयत्न. कधी दोष कार्डाच्या फर्मवेअरमध्येही असतो: २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०६० मालिकेतल्या काळ्या स्क्रीनसाठी फर्मवेअर अपडेट दिलं होतं.

तरीही काही दिसलं नाही तर

शेवटची खात्री म्हणजे तेच कार्ड मित्राच्या चालू पीसीत लावून पाहणं. तिथेही स्क्रीन काळी राहिली तर कार्ड सदोष आहे असं मानायला हरकत नाही. बिल, खोका आणि कार्डावरचा सिरियल नंबर यांचे फोटो काढून ठेवा आणि बदलून देण्याची मुदत दुकानात लगेच विचारा. ती अनेकदा वॉरंटीपेक्षा खूपच कमी असते.

दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे खरेदी मुंबईत झाली असली तरी कोलशेतच्या ग्राहकाला ठाण्याच्या आयोगात दाद मागता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्क लागत नाही.