पावसात उभे राहायला जागा नव्हती : मेम्फिस, १९६८

१/ १ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात मुसळधार पाऊस कोसळत होता. घरोघरचा कचरा गोळा करून एक गाडी परत निघाली होती. चालकाच्या केबिनमध्ये सहकारी दाटीवाटीने बसले. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर या दोन कृष्णवर्णीय कामगारांना तेथे जागा उरली नाही. ते मागच्या पिंपासारख्या भागात, कचऱ्यालगत शिरले.

२/ या भागात कचरा दाबणारे यंत्र होते. ते अचानक आपोआप सुरू झाले. चालकाने गाडी थांबवून यंत्र बंद करण्याची धडपड केली. पण ते थांबले नाही. दोघेही यंत्रात चिरडून मरण पावले. विजेच्या तारांतील बिघाडामुळे यंत्र सुरू झाले, असे कारण पुढे आले.

३/ हा धोका अनपेक्षित होता काय? मुळीच नाही. १९६४ मध्येही मेम्फिसचे दोन सफाई कामगार कचरागाडीच्या अपघातात मृत्युमुखी पडले होते. जुन्या, सदोष गाड्या बदलण्याची मागणी कामगार सातत्याने करत होते. नगर प्रशासनाने ती मानली नाही.

४/ यंत्र सदोष होते, हे झाले अर्धे उत्तर. ते दोघे त्या जागी का बसले, हा उरलेला अर्धा प्रश्न. गोऱ्या रहिवाशांच्या तक्रारींनंतर, वस्तीत आडोशाला थांबण्यास सफाई कामगारांना मनाई झाली होती. केबिन भरलेली, ओसरीवर बंदी. पावसात कोरडी जागा एकच उरली, आणि तीच सर्वांत घातक होती.

५/ रोजच्या कामातही जोखीम होतीच. कामगार घरामागच्या अंगणातून कचरा टबात भरत आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत नेत. टब गळके असत. घाण पाणी आणि अळ्या अंगावर ओघळत. या कष्टांची मजुरी इतकी तुटपुंजी होती, की पूर्णवेळ काम करूनही अनेकांना सरकारी साहाय्य घ्यावे लागे.

६/ मग तक्रार का होत नव्हती? होत होती, पण तिची किंमत मोजावी लागे. १९६३ मध्ये संघटना उभारू पाहणाऱ्या ३३ कामगारांना कामावरून काढण्यात आले. ज्याला धोका सर्वांत आधी दिसतो, त्याचीच नोकरी बोलल्यामुळे जात असेल, तर धोक्याची नोंद होणार कशी?

७/ कोल आणि वॉकर तासाच्या मजुरीवर होते. कामगार नुकसानभरपाईचे संरक्षण त्यांना नव्हते. त्यांच्या कुटुंबीयांना एका महिन्याचा पगार आणि अंत्यसंस्कारासाठी ५०० डॉलर एवढेच मिळाले. वॉकर यांची पत्नी त्या वेळी गर्भवती होती.

८/ १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगारांनी काम थांबवले. टी. ओ. जोन्स हे त्यांचे संघटक. संघटनेला मान्यता, वाढीव मजुरी आणि सुरक्षित कामाची हमी या त्यांच्या मागण्या होत्या. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदेशीर ठरवला. कामगार ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन रस्त्यावर उतरले.

९/ मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) या लढ्याला पाठिंबा देण्यासाठी मेम्फिसला आले. ३ एप्रिलला त्यांनी तेथे आपले अखेरचे भाषण केले. दुसऱ्याच दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, लॉरेन मोटेलमध्ये त्यांची हत्या झाली. किंग यांच्या हत्येचा इतिहास सर्वत्र शिकवला जातो. ते त्या शहरात कोणासाठी आले होते, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही.

१०/ १६ एप्रिलला तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, मजुरी वाढली, तक्रार निवारणाची पद्धत ठरली. यातील शेवटचे कलम कोरडे वाटते. प्रत्यक्षात तेच जिवाशी निगडित होते. बिघडलेल्या गाडीविषयी बोलणाऱ्या कामगाराला आता नोकरी गमावण्याऐवजी उत्तर मिळण्याचा हक्क मिळाला.

११/ एखाद्या कामातील धोका तपासताना यंत्राबरोबर नियम, वेतन आणि बोलण्याचे स्वातंत्र्यही तपासावे लागते. मेम्फिसमधील दोन मृत्यूंमागे यंत्रातील बिघाड होता. पण त्या दोघांना यंत्राच्या तोंडाशी नेऊन बसवले ते शहराच्या नियमांनी.