हिरोशिमातील अंतराचे गणित

किरणोत्सर्गाच्या उगमापासून दूर जावे तसतशी त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे सूत्र सर्वपरिचित आहे. ६ ऑगस्ट १९४५ च्या हिरोशिमा येथील स्फोटास ते लावू गेल्यास मात्र अपुरे पडते. हा स्फोट भूमीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर झाला. त्याच्या नेमक्या खालील स्थानापासून १ किलोमीटरवर उघड्यावर सुमारे ४.५ ग्रे, तर २ किलोमीटरवर जेमतेम ०.०८ ग्रे एवढी मात्रा पोचली, असे आजचे गणित सांगते. केवळ अंतराचा वर्ग विचारात घेतला तर ही घट तिपटीहून थोडी अधिक भरावी. प्रत्यक्षात ती पन्नासपटीच्या वर आहे. उरलेले काम मधल्या हवेने केले. म्हणजे सरासरीने शंभर मीटर दूर सरकताच मात्रा एक तृतीयांशाने घटे.

सकाळी सव्वाआठ वाजता आपण नेमके कोठे होता, या प्रश्नास त्यामुळे विलक्षण महत्त्व आले. अमेरिकेच्या अणुबाँब-हताहत आयोगाने १९४७ पासून वाचलेल्यांकडे हीच विचारणा चालविली. (आयोग तपासणी करी, उपचार नव्हे, ही नगरवासीयांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही.) स्थान कळले तरी त्या स्थानी पोचलेली मात्रा अज्ञातच होती. ती ठरविण्यासाठी १९६२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ४६५ मीटर उंचीचा मनोरा उभारून त्यावर उघडी अणुभट्टी चढविण्यात आली व खाली जपानी धर्तीची घरे बांधून मापने घेतली गेली. त्यांवरून १९६५ ची मात्रापद्धती सिद्ध झाली.

परंतु नेवाडाची हवा कोरडी आणि हिरोशिमाची ऑगस्टमधील हवा दमट. बाष्पातील हायड्रोजन न्यूट्रॉनांना अडवितो. शिवाय बाँबचे जाड पोलादी कवचही मनोऱ्यावरील भट्टीस नव्हते. १९८६ च्या पद्धतीत हिरोशिमाची न्यूट्रॉन-मात्रा पूर्वीच्या सुमारे एक दशांशावर आली. दोन शहरांतील रोगप्रमाणाचा फरक तोवर न्यूट्रॉनांच्या माथी मारला जात असे. तो आधारच डळमळला आणि गॅमा किरणांच्या धोक्याचे अनुमान नव्याने मांडावे लागले. जगभरच्या क्ष-किरण कर्मचाऱ्यांसाठी ठरविलेल्या मर्यादा याच अभ्यासावर विसंबून असल्याने हा फेरबदल केवळ आकड्यांचा नव्हता.

२००२ च्या पद्धतीत स्फोटाची उंची ५८० ऐवजी ६०० मीटर धरली गेली, आणि अमेरिकी सैन्याच्या ज्या नकाशांवर वाचलेल्यांची स्थाने नोंदविली होती, त्या नकाशांतील विकृतीही विचारात घेण्यात आली.